पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही: मीटर बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 1967 सालची, ब्रिटिश बनावटीची, 12 व्होल्टची, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले). टाकी काठोकाठ भरली तरी पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर चढत नाही. टाकी संपत आली की मात्र तो बरोबर रिकाम्याच्या खुणेवर येतो. तापमानाचा काटा नीट चालतो. मेकॅनिकने टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग, नवा बसवला, तरी फरक नाही. आता तो डॅशबोर्डवरचा मीटर बदलायला सांगतो आहे. बदलावा का?

इतक्यात बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांतच निम्मे निदान झालेले आहे आणि ते मीटरकडे बोट दाखवत नाही. जुन्या गाडीचा मूळ मीटर काढून त्या जागी नवी नक्कल बसवली की काच, आकडे, काट्याचा रंग, सगळेच बाकीच्या मीटरांपासून वेगळे दिसू लागते. तो निर्णय अगदी शेवटी, दुसरा काहीच मार्ग उरला नाही तर घ्यायचा.

आधी या मीटरचे काम कसे चालते ते पाहू, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावर बेतलेली आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून बहुतेक ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीचे बायमेटल मीटर आले. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हा बदल 1964 मध्ये झाला. मीटरच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते आणि तिच्यावर बारीक तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. करंट किती जाणार हे टाकीतला सेंडर ठरवतो. फ्लोट, म्हणजे सेंडरच्या दांड्याला लावलेला पेट्रोलवर तरंगणारा भाग, वर गेला की सेंडरचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) कमी होतो, करंट वाढतो, काटा वर जातो. टाकी भरलेली असताना सेंडर साधारण 20 ओहम दाखवतो, अर्धी असताना 70 च्या आसपास आणि रिकामी असताना 240 च्या आसपास.

हे आकडे नीट पाहा. भरलेल्या बाजूला सगळा खेळ थोड्या ओहमांचा आहे, रिकाम्या बाजूला शेकड्यांचा. समजा वाटेत कुठेतरी गंजलेल्या जोडामुळे 45-50 ओहम जास्तीचे शिरले. टाकी भरलेली असताना 20 चे 65-70 होतात आणि काटा अर्ध्यावर थांबतो. टाकी रिकामी असताना 240 चे 290 होतात, पण काटा आधीच तळाशी असल्याने तो फरक डोळ्यांना जाणवतच नाही. भरलेली टाकी अर्धी दिसते आणि रिकामी टाकी रिकामीच दिसते. तुमची तक्रार शब्दशः हीच आहे. म्हणून माझा पहिला संशय सर्किटमध्ये शिरलेल्या जास्तीच्या रेझिस्टन्सवर आहे, आणि त्यातही टाकीच्या अर्थिंगवर, म्हणजे टाकी आणि बॉडी यांच्यातल्या विजेच्या जोडणीवर.

अर्थिंगवर संशय येण्याला आणखी एक कारण आहे. या गाड्यांत सेंडरकडे बहुधा एकच वायर येते. परतीचा मार्ग सेंडरच्या पत्र्यातून टाकीत, टाकीतून तिच्या बोल्ट-पट्ट्यांमार्फत बॉडीत असा असतो. गाडी नवी असताना हे सगळे धातूला धातू लागून होते. नंतर टाकी रंगवली जाते, पट्ट्यांखाली रबर किंवा फेल्ट बसते, बोल्ट गंजतात. त्यात नवा सेंडर बसवताना गळती होऊ नये म्हणून कडेला सीलंट भरपूर लावले गेले असेल, तर सेंडर आणि टाकी यांच्यातला उरलासुरला संपर्कही तुटतो. सेंडर बदलूनही तोच दोष तसाच राहिला, याचा सरळ अर्थ असा की दोष सेंडरमध्ये नव्हता किंवा निदान एकट्या सेंडरमध्ये नव्हता.

तापमानाच्या काट्याबद्दल तुम्ही लिहिलेत ते फार उपयोगी आहे. बायमेटल मीटरला थेट बॅटरीचा व्होल्टेज चालत नाही, कारण इंजिन सुरू असताना आणि बंद असताना त्यात चांगला दोन व्होल्टचा फरक पडतो. म्हणून डॅशबोर्डच्या मागे व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची छोटी डबी असते. ती दोन्ही मीटरांना सरासरी 10 व्होल्ट पुरवते. ती बिघडली तर दोन्ही काटे एकदम चुकतात. पुरवठाच बंद पडला तर दोन्ही खाली, आणि डबीचे अर्थिंग तुटले तर पूर्ण 12-14 व्होल्ट जाऊन दोन्ही वर. तुमचा तापमानाचा काटा बरोबर आहे, म्हणजे डबी ठीक आहे. फक्त एवढे पाहून घ्या की तो मीटर खरोखर विजेवर चालणारा आहे. काही गाड्यांत तापमानाचा मीटर द्रव भरलेल्या बारीक तांब्याच्या नळीवर चालतो आणि त्याचा या डबीशी काही संबंध नसतो. मीटरमागे हात घातला की वायर आहे की नळी ते लगेच कळते.

हत्यार हातात घेण्यापूर्वी थोडे पेट्रोलच्या वाफेबद्दल, आणि हे मनापासून सांगतो आहे. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ती वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे डिकीच्या तळाशी किंवा जमिनीलगत साचून राहते. हवेत तिचे प्रमाण जेमतेम दीड टक्का असले तरी ठिणगीने भडका उडू शकतो. नुकतीच उपसलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. म्हणून काम उघड्यावर किंवा दारे सताड उघडी ठेवून करा आणि अग्निशामक जवळ ठेवा. टाकीजवळची प्रत्येक वायर काढताना आणि जोडताना इग्निशन बंद असू द्या. जोडणी पक्की झाली की मगच किल्ली फिरवा, म्हणजे ठिणगी पडली तरी टाकीपाशी पडणार नाही. सेंडर टाकीतून बाहेर काढायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सुटलेली हवी. आणि कोणत्याही परिस्थितीत बॅटरीचे 12 व्होल्ट थेट सेंडरच्या टर्मिनलला लावू नका. त्याची केसासारखी तार क्षणात जळते.

आता तपासणी. बरेच जण सेंडरची वायर काढून सरळ बॉडीला टेकवतात आणि काटा पूर्ण भरलेल्यावर गेला की मीटर चांगला असे समजतात. ही पद्धत अपुरी आहे. शून्य ओहमवर मीटरमधून ठरलेल्यापेक्षा जास्त करंट जातो आणि जास्त वेळ ठेवले तर बायमेटल पट्टी कायमची वाकते. शिवाय सर्किटमध्ये थोडा जास्तीचा रेझिस्टन्स असला तरी काटा वरपर्यंत पोचतो आणि नेमका तोच दोष झाकला जातो. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानातून 22, 68 आणि 220 ओहमचे, एक वॅटचे रेझिस्टर आणा. हे तिन्ही सहज मिळणारे आकडे आहेत आणि योगायोगाने या मीटरच्या भरलेल्या, अर्ध्या आणि रिकाम्या टाकीशी छान जुळतात. त्यांना क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी जोडून घ्या.

टाकीपाशी जाऊन सेंडरवरची वायर काढा. ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या रंगपद्धतीत ही वायर हिरवी, काळ्या रेघेची असते. 22 ओहमच्या रेझिस्टरचे एक टोक या वायरला लावा आणि दुसरे बॉडीवर रंग खरवडून लखलखीत केलेल्या जागी. इग्निशन चालू करा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. पेट्रोल हिंदकळताना काटा नाचू नये म्हणून हा मीटर मुद्दाम संथ बनवलेला आहे. दहा सेकंदांत निष्कर्ष काढणाऱ्याला तो नेहमी चुकीचे उत्तर देतो.

काटा भरलेल्याच्या खुणेजवळ आला तर मीटर, स्टॅबिलायझर आणि मागपर्यंत येणारी वायर, तिन्ही निर्दोष आहेत. मीटर बदलण्याचा विषय तिथेच संपतो. मग इग्निशन बंद करून रेझिस्टरचे बॉडीवरचे टोक काढा, ते सेंडरच्या पत्र्याच्या कडेला लावा आणि पुन्हा किल्ली फिरवा. आता काटा अर्ध्यावर थांबला तर दोष सापडला: सेंडर ते बॉडी हा परतीचा मार्ग खराब आहे. आणि याही वेळी काटा वर गेला तर अर्थिंग चांगले आहे, दोष सेंडरच्या आत आहे, तो नवा असला तरी.

पहिल्याच जोडणीत, म्हणजे बॉडीच्या स्वच्छ धातूला जोडूनही काटा अर्ध्यावरच राहिला, तर दोष पुढच्या बाजूला आहे. तोच रेझिस्टर मीटरच्या मागे, सेंडरच्या टर्मिनलवरून वायर काढून तिथे लावा. आता काटा वर गेला तर मधली वायर किंवा तिचे जोड खराब आहेत. डिकीत गालिच्याखाली किंवा बाजूच्या पॅनेलमागे एक बुलेट कनेक्टर, म्हणजे दोन वायरींची टोके नळीत खुपसून केलेला जोड, असतो. ओल तिथे उतरते आणि पितळ हिरवे पडते. त्यातून करंट जातो, पण रडतखडत. या कनेक्टरचे जुने रबरी नळकांडे सरळ बदलून टाका, घासत बसू नका, कारण आतली पत्र्याची नळी सैल झालेली असते आणि साफ करून ती आवळत नाही. मीटरच्या मागे लावूनही काटा अर्ध्यावरच राहिला, तर मात्र मीटरला मिळणारा पुरवठा आणि मीटरचे कॅलिब्रेशन (काट्याची अचूक जुळवणी) पाहायचे. ते पुढे सांगतो.

तुमच्या बाबतीत अर्थिंगच निघेल असा माझा अंदाज आहे, म्हणून त्याची दुरुस्ती जरा सविस्तर. टाकीचे बोल्ट सोडून, घासून पुन्हा आवळणे हा तात्पुरता उपाय आहे. पुढच्या पावसाळ्यात गंज परत येतो. सेंडरसाठी स्वतंत्र अर्थ वायर घाला. अनेक सेंडरांच्या पत्र्यावर त्यासाठी एक जास्तीची पाती असते. ती वायर न लागलेली, मोकळीच दिसते. तिला काळी वायर लावून दुसरे टोक बॉडीच्या स्वच्छ धातूवर, दातेरी वॉशर घालून स्क्रूने घट्ट बसवा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून ती जागा हवाबंद करा. पाती नसेल तर सेंडर बाहेर काढून त्याच्या पत्र्याला वायर सोल्डरने डाग देऊन जोडावी लागते. हे काम टेबलावर करायचे, सेंडर पूर्ण कोरडा झाल्यावर, टाकीपासून दूर. टाकीला लागलेल्या सेंडरजवळ सोल्डरिंग आयर्न नेऊ नका.

सेंडर काढायची वेळ आली तर आधी तो टाकीच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. काही गाड्यांत तो टाकीच्या उभ्या भिंतीवर असतो. तेव्हा पेट्रोल त्या भोकाच्या खाली जाईपर्यंत काढून घ्यावे लागते. तो आवळून ठेवणारी गोल रिंग सोडवताना पोलादी छिन्नी वापरू नका, पितळी दांडी ठोकून फिरवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. गॅस्केट दर वेळी नवे घ्या आणि सीलंट हवेच असेल तर पेट्रोलला टिकणारे, अगदी पातळ थरात. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, सुटते आणि त्याचे तुकडे पाइपात जाऊन बसतात.

बाहेर काढलेल्या सेंडरचा दांडा सावकाश वरून खाली न्या आणि टर्मिनल व पत्रा यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून ओहम पाहत राहा. आकडा न थांबता, न उड्या मारता बदलला पाहिजे. इथे काट्याचा जुना मल्टिमीटर डिजिटलपेक्षा चांगला. घसरणारा संपर्क मध्येच क्षणभर सुटला तर काट्याचा झटका लगेच दिसतो, डिजिटलचे आकडे तोवर पुढे गेलेले असतात. रेझिस्टन्सच्या तारेवर तपकिरी थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. पॉलिश पेपर लावलात तर तार तुटलीच म्हणून समजा.

आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. नव्या सेंडरचे दोन टोकांचे आकडे गाडीच्या मीटरशी जुळतात का, हे बसवताना कोणी पाहत नाही. भोके जुळली, दांड्याची लांबी साधारण सारखी वाटली की सेंडर बसवला जातो. पण प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात. युरोपीय व्हीडीओ (VDO) कंपनीचा सेंडर रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180 ओहम, म्हणजे तुमच्या मीटरच्या नेमका उलट. जनरल मोटर्सच्या 1965 नंतरच्या गाड्यांत रिकाम्याला 0 आणि भरलेल्याला 90. फोर्ड आणि क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत रिकाम्याला साधारण 73 आणि भरलेल्याला 10. तुमचा काटा रिकाम्याला बरोबर आहे, म्हणजे दिशा तरी योग्य आहे. पण नव्या सेंडरचा वरच्या टोकाचा आकडा 20 ऐवजी 50-60 असला तर लक्षण हुबेहूब तुमच्यासारखेच दिसेल. दांडा जुन्याच्या तुलनेत वेगळ्या कोनात वाकलेला असेल आणि फ्लोट टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्याला अडकत असेल तरी तेच. मेकॅनिककडे जुना सेंडर अजून असेल तर तो परत मागून घ्या. जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजले की उत्तर मिळते, आणि कित्येकदा जुनाच चांगला निघतो.

फ्लोटकडेही लक्ष द्या. पितळी फ्लोटला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी तो पेट्रोल पिऊन जड होतो. कानाशी धरून हलवला की आतला आवाज येतो. छिद्र शोधायचे तर फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे निघतील ती जागा. आत पेट्रोल गेलेल्या फ्लोटला डाग द्यायचा प्रयत्न करू नका, बंद डब्यातली वाफ फुटते. फ्लोट स्वस्तात मिळतो, नवा लावा.

मीटरच्या बाजूला दोष निघाला तर. स्टॅबिलायझरची जुनी यांत्रिक डबी आतून सतत उघडझाप करते, त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर 0 ते 12 मध्ये उड्या मारणारा आकडा दिसतो. तो बिघाड नाही, ती तिची चालच आहे. 12 वोल्टचा लहान दिवा लावला तर तो मिणमिणतो. दिवा एकसारखा जळत राहिला तर डबीच्या आतले संपर्क चिकटले आहेत किंवा तिचे अर्थिंग गेले आहे. ही डबी उभी, ठरलेल्या बाजूनेच बसवायची असते. कोणी आडवी बसवली असेल तर सरासरी व्होल्टेज बदलतो. 7810 या आयसीवर (स्थिर 10 व्होल्ट देणाऱ्या चिपवर) बनवलेली इलेक्ट्रॉनिक डबी हा चांगला पर्याय आहे. बाहेरून मूळ डबीचा पत्रा तसाच ठेवून आत ती बसवता येते. पण ती निगेटिव्ह अर्थसाठी असते. हा सल्ला वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची गाडी पॉझिटिव्ह अर्थ असेल तर त्यांनी त्या अर्थिंगसाठीच बनवलेली डबी मागावी. यांत्रिक डबीला अर्थिंगच्या दिशेने काही फरक पडत नाही.

1964 च्या आधीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत दोन कॉइलचे, लोहपट्टी फिरवणारे मीटर असतात. इग्निशन चालू करताच काटा झटकन उडाला आणि वळणावर डोलला तर मीटर त्या जातीचा. त्याला स्टॅबिलायझर नसतो आणि वागणूक उलटी असते. सेंडरची वायर काढली की काटा भरलेल्याकडे जातो, बॉडीला टेकवली की रिकाम्याकडे. वरचे रेझिस्टरचे आकडे त्याला लागू नाहीत. अर्थिंग तुटले की त्याचा काटा रिकाम्या टाकीवरही पूर्ण भरलेले दाखवतो. हे तुमच्या दोषापेक्षा जास्त वाईट, कारण गाडी रस्त्यात बंद पडेपर्यंत काही कळत नाही.

सर्व जोड स्वच्छ झाले आणि तरीही थोडी चूक उरली, तर बायमेटल मीटरचे कॅलिब्रेशन करता येते. मीटरच्या मागे दोन छोटी भोके असतात, बहुधा बुचाने बंद केलेली. आत दातेरी पट्ट्या दिसतात. त्यातली एक रिकाम्याची जागा ठरवते, दुसरी भरलेल्याची. टेबलावर 10 व्होल्टचा स्थिर पुरवठा आणि तेच रेझिस्टर जोडून, 220 वर काटा रिकाम्याच्या खुणेच्या किंचित वर आणि 22 वर भरलेल्याच्या खुणेपाशी आणायचा. एक सरकवली की दुसरीवर परिणाम होतो, म्हणून आलटून पालटून, दर वेळी मिनिटभर थांबत. 68 वर मध्य आपोआप जवळपास जुळतो. बारीक स्क्रूड्रायव्हर हवा आणि हात हलका हवा.

गाडीवर शेवटची जुळवणी टाकीनेच करा. सपाट जागेवर उभी करून टाकी रिकामी करा, मोजून पाच लिटर पेट्रोल घाला आणि काटा कुठे थांबतो ते पाहा. पाच लिटरवर काटा रिकाम्याच्या खुणेला टेकत असेल तर मी तिथेच सोडून देईन, आणि वरच्या बाजूला काटा जरासा कमी दाखवत असला तरी त्याच्या मागे लागणार नाही. दांडा वाकवून सुधारणा करायची झाली तर अगदी थोडी, आणि वाकवताना जोर सेंडरच्या बिजागरीवर येऊ देऊ नका. दांडा दोन पक्कडींमध्ये धरूनच वाकवा.